परत जायचं होतं म्हणून...

26 जुलैचा कारगिल विजय दिवस जवळ आला की कॉलेजात काय काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. स्टेजला तिरंगी पडदे, स्पीकरवर 'बॉर्डर'ची गाणी, सूत्रसंचालन करणाऱ्याचा आवाज नेहमीपेक्षा दोन पट्ट्या वर, आणि एक निबंध स्पर्धा. विषय अर्थातच 'जवानांचे शौर्य'. यंदाच्या निबंधांचा गठ्ठा माझ्याकडे आला होता. (परीक्षक म्हणून नाही हो, नुसते नंबर घालून फाइल लावायला!) चाळीसेक निबंध होते. 'छातीचा कोट', 'रक्ताचा शेवटचा थेंब' आणि 'हसत हसत मृत्यूला कवटाळले' यांतलं एकही नाही असा निबंध मला त्यात सापडला नाही.

लिहिणाऱ्यांची मला चेष्टा करायची नाही. मनापासूनच लिहिलं होतं सगळ्यांनी. पण वाचता वाचता एक गोष्ट खटकायला लागली. सगळ्या निबंधांतला जवान धावत होता. शत्रूवर तुटून पडत होता, गर्जना करत होता, झेंडा रोवत होता. वाट बघत बसलेला जवान एकाही निबंधात नव्हता. थंडीत कुडकुडत, अर्धपोटी, पुढे काय होणार ते माहीत नाही, वरच्या साहेबांनाही माहीत नाही, आणि तरी सकाळी उठून खंदकातलं पाणी उपसायचं आहे, असा कुणीच नाही. आणि युद्धातला सगळ्यात काळा काळ असतो तो हाच, असं माझं स्पष्ट मत आहे. गर्जना करायला दहा मिनिटांचा जोश पुरतो. पाच महिने टिकायला जे लागतं ते काहीतरी निराळंच असावं. ते काय असतं, याचा विचार करायला मी एक उदाहरण घेणार आहे. त्यात विजय नाही, झेंडा नाही, आणि आपली माणसं मात्र पुष्कळ आहेत.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. पहिलं महायुद्ध म्हणजे आमच्या पुस्तकात फ्रान्समधले खंदक, चिखल, पॉपीची लाल फुलं आणि इंग्रज कवी. कूट हे नाव त्यात कुठेच नव्हतं. इराकच्या नकाशात बगदादवरून टायग्रिस नदी खाली बसऱ्याकडे येते, त्या वाटेवर नदीने एके ठिकाणी इंग्रजी 'यू' सारखं वळण घेतलं आहे. त्या वळणाच्या पोटात वसलेलं मातीच्या घरांचं गाव म्हणजे कूट-अल-अमारा. तीन बाजूंनी नदी आणि चौथ्या बाजूने वाळवंट. या गावात 7 डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत तुर्की फौजेने ब्रिटिश-हिंदी सैन्याला कोंडून ठेवलं. जवळजवळ पाच महिने. आणि कोंडलेल्या त्या सैन्याचं नाव होतं सहावी (पूना) डिव्हिजन!

पूना म्हणजे आपलं पुणंच. या डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 या तीन मराठा पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडचे मराठे, शिवाय दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या 17 आणि 22 नंबरच्या कंपन्या होत्या. पंजाबी, राजपूत, गुरखे होते, इंग्रजांच्या पलटणीही होत्या. आज बेळगावला ज्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे, तिची पहिली बटालियन, 'जंगी पलटण', ही त्या वेळची 103 नंबरची.

ही मंडळी तिथे गेली कशाला? अगदी थोडक्यात सांगायचं तर तेलासाठी. इराणच्या आखातात अबादानला अँग्लो-पर्शियन कंपनीची नवी कोरी रिफायनरी होती आणि ब्रिटिश आरमार कोळसा सोडून तेलावर यायला लागलं होतं. ते तेल राखायला नोव्हेंबर 1914 मध्ये हिंदुस्थानातून फौज गेली आणि बसरा घेतलं. तिथेच थांबली असती तर मला हा लेख लिहावा लागला नसता. पण विजय मिळत गेले, साहेबांना बगदाद दिसू लागलं, आणि जनरल टाउनशेंडची डिव्हिजन नदीने वर वर सरकत राहिली. बोटी अपुऱ्या, औषधपाण्याची बोंब, पिछाडीला राखीव फौज नाही. 22 नोव्हेंबर 1915 ला बगदादच्या अलीकडे चाळीसेक किलोमीटरवर टेसिफॉनला गाठ पडली आणि दोन-तीन दिवसांत साडेचार हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. म्हणजे लढणाऱ्यांतली निम्मी! उरलेले लढत-चालत मागे कूटला आले ते 3 डिसेंबरला. आणि मग वेढा.

आता खरं सांगायचं ते इथून पुढे.

पहिला महिना लढाईचा गेला. 24 डिसेंबरला तुर्कांनी ईशान्य कोपऱ्यातल्या मातीच्या किल्ल्यावर जोराचा हल्ला केला. भिंतीला खिंडारं पडली, रात्रभर हातघाई झाली. 103 मराठा त्या बचावात होती. किल्ला पडला नाही. निबंधवाल्यांना हवं ते सगळं या एका रात्रीत मिळेल. पण त्यानंतर तुर्कांनी मोठे हल्ले करायचे जवळजवळ सोडूनच दिले. त्यांनी हिशेब केला असावा की हे लोक गोळीने मरण्यापेक्षा भुकेने मरणं स्वस्त पडेल. म्हणजे त्या रात्रीनंतर जी चार महिन्यांची लढाई झाली ती पोटाशी झाली.

या चार महिन्यांत शिपाई काय करत होते? खोदत होते. गोळ्या चुकवून चालता यावं म्हणून चर, चरातून चर. जानेवारीत नदी चढली, पुढचे खंदक पाण्याने भरले, मग बांध घालत होते. बांध फुटला की परत घालत होते. सॅपर्सचं काम मला विशेष आवडलं. आपल्या मेकॅनिकलवाल्यांनी तर कान देऊन ऐकावं असं आहे. कूटमध्ये एका निकामी विमानाचं ग्नोम इंजिन पडलं होतं. त्याच्या सिलिंडरपासून त्यांनी खंदकात वापरायला छोट्या मॉर्टर बनवल्या! गावात जव सापडला, पण दळायचा कसा? तर विमानातून जात्याचे दगड टाकून घेतले आणि ऑइल इंजिन लावून गिरणी चालू केली. तिथल्या ब्रिजिंग ट्रेनचे (म्हणजे होड्यांचे पूल बांधणारी तुकडी) कॅप्टन सँडीस यांनी पुढे वेढ्यावर आणि कैदेवर पुस्तक लिहिलं. नंतर ते रुरकीच्या थॉमसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. रुरकीत त्यांच्या वर्गात बसून कुणी दांडी मारायची हिंमत केली असेल असं वाटत नाही.

आता भुकेचा हिशेब. शेवटी शेवटी हिंदी शिपायाला दिवसाला चार औंस पीठ मिळत होतं. चार औंस म्हणजे 113 ग्रॅम. आपल्या मेसच्या तीन चपात्या, त्याही पातळ. तूप संपलेलं, डाळ संपलेली. भाजीपाला नसल्यामुळे स्कर्व्ही सुरू झाला, हिरड्या सुजून रक्त यायला लागलं, जुन्या जखमा भरेनात. माणसं खंदकाच्या कडेचं गवत, पाला उकडून खात होती, आणि त्यातल्या विषारी पाल्याने आजारी पडत होती. बाजारातल्या छपराखालच्या गल्लीत हॉस्पिटल होतं, तिथे जागा उरली नव्हती.

आणि बाहेरून मदत? आली ना! त्याचीच तर खरी शोकांतिका आहे. टाउनशेंडने सुरुवातीला कळवलं की शिधा महिना-दोन महिन्यांचा आहे. म्हणून सुटकेसाठी येणाऱ्या फौजेने तयारी पुरी नसताना जानेवारीत घाईघाईने हल्ले केले आणि हजारो माणसं गमावली. जानेवारीच्या शेवटी गावातल्या घरांची नीट झडती घेतली तेव्हा बराच धान्यसाठा निघाला, घोडे-खेचरं धरून तर मुदत एप्रिलपर्यंत गेली. स्टोअरमधला माल पहिल्याच दिवशी मोजला असता तर? मला राग येतो तो इथे. शिपायाच्या चिकाटीवर आपण भाषणं करतो, पण ती चिकाटी पुष्कळदा कुणाच्या तरी ढिसाळपणाची भरपाई असते. 8 मार्चला सुटकेची फौज दुजैलापर्यंत आली. कूटपासून बारा-तेरा किलोमीटर! आतल्या लोकांना तोफांचे उजेड दिसत होते. मग ते उजेड थांबले. एप्रिलमध्ये सन्नैयातला तीनदा धडक मारली, तिन्ही वेळा अपयश. आतल्या तेरा हजारांना सोडवायच्या प्रयत्नात बाहेरचे तेवीस हजारांच्या आसपास मेले किंवा जखमी झाले. बाहेरच्यांतही हिंदी पलटणी होत्याच.

एप्रिलच्या मध्यापासून विमानातून पिठाच्या गोण्या टाकायला सुरुवात झाली. वेढ्यातल्या सैन्याला असं आकाशातून अन्न पुरवण्याचा इतिहासातला पहिला मोठा प्रयत्न म्हणून याचं नाव घेतात. ऐकायला भारी वाटतं. पण आपण इंजिनियरिंगचे, गणित मांडून बघू. तेरा हजार माणसं गुणिले चार औंस म्हणजे 52,000 औंस, म्हणजे 3,250 पौंड. रोजचा जवळजवळ दीड टन. त्या वेळचं विमान एका खेपेत साधारण दोनशे पौंड नेई. म्हणजे माणूस नुसता जगावा एवढ्यासाठी रोज सोळा खेपा, आणि गावातली सहा-सात हजार अरब वस्ती यात धरलेलीच नाही. प्रत्यक्षात दिवसाला आठ-दहा खेपांच्या आसपासच जमत होतं. काही गोण्या नदीत पडल्या, काही तुर्कांच्या ओटीत. 24 एप्रिलच्या रात्री 'जुलनार' नावाची बोट 270 टन सामान घेऊन नदीतून घुसायला निघाली. नदीवर आडव्या बांधलेल्या तारेत ती अडकली आणि तुर्कांनी धरली. त्यानंतर तुर्कांना पैसे देऊन सौदा करायचा प्रयत्न झाला. आधी दहा लाख पौंड, मग वीस लाख. (बोलणी करायला गेलेल्यांत 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून पुढे गाजला तो लॉरेन्सही होता.) तुर्कांनी नकार दिला. 29 एप्रिलला तोफा स्वतःच्या हाताने फोडून फौज शरण गेली.

या सगळ्या गोष्टीत माझं लक्ष सगळ्यात जास्त कुठे अडकलं असेल तर ते घोड्याच्या मांसापाशी. जानेवारीच्या शेवटापासून घोडे आणि खेचरं मारायला लागले. इंग्रज सोल्जर खाऊ लागले. हिंदी शिपायांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही, बहुतेकांनी नकार दिला. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानगीच्या तारा मागवल्या, त्या वाचून दाखवल्या, तरी नाही. एप्रिलच्या मध्यात, पीठ अगदी तळाला गेल्यावर आणि वरून दम मिळाल्यावर, शेवटी बहुतेकांनी खाल्लं. तोपर्यंत दोन-अडीच महिने ही माणसं समोर मांस असताना उपाशी राहिली. तेच मांस खाणाऱ्यांना स्कर्व्ही कमी होता, यांना जास्त. साहेबांना हा निव्वळ अडाणी हट्ट वाटत होता. माझ्या रूममेटलाही तसंच वाटलं. ती म्हणाली, "अगं, मरण्यापेक्षा खायचं ना सरळ!"

सायन्सच्या दृष्टीने तिचं बरोबर आहे. पण मला त्या हट्टात दुसरंच काहीतरी दिसतं. जेवायला नकार देणारा माणूस मरायला बसलेला नव्हता. त्याला परत जायचं होतं! गावी गेल्यावर पंगतीत कुणी शेजारी बसेल का, पोरीचं लग्न जमेल का, घरच्यांना पाणी बंद होईल का, याचा तो विचार करत होता. मरणारच आहोत असं ज्याला वाटतं त्याला जातीबाहेर पडायची भीती कशाला वाटेल? जातीच्या त्या बंधनाचं मी समर्थन मुळीच करत नाही, ते बंधन वाईटच. पण तारीख-वार माहीत नसताना, तोफांचे उजेड विझलेले बघूनसुद्धा, 'मी परत गावात जाणार आहे आणि तिथे मान वर करून चालणार आहे' हे ज्याच्या डोक्यातून जात नाही, त्याला मी चिवट म्हणेन. ज्याला तुम्ही-आम्ही निबंधात 'धैर्य' म्हणतो ते कूटमध्ये असं दिसलं. फार भव्य नाही, थोडं वेडगळही आहे, पण ते खरं आहे.

आणि सगळेच टिकले असंही नाही. हे लपवलं तर माझा लेख आणि त्या चाळीस निबंधांत फरक काय राहिला? काही शिपाई रात्री तुर्कांकडे पळून गेले. काहींनी खंदकातून सुटका व्हावी म्हणून स्वतःच्याच बोटांवर गोळी झाडून घेतली. टाउनशेंडने या गोष्टींवरून हिंदी शिपायांबद्दल बरंच तुसडेपणाने लिहिलं आहे. मला मात्र उलट वाटतं. पळून जायची वाट समोर उघडी होती, काही जण गेलेही, आणि तरी बाकीचे हजारो जण थांबले. ज्याला पर्यायच नाही त्याच्या थांबण्याला काय किंमत? यांना पर्याय होता.

आता शरणागतीनंतरचं. जनरल टाउनशेंडसाहेबांना इस्तंबूलजवळच्या बेटावर समुद्रकाठी बंगला मिळाला, नोकरचाकर मिळाले, पुढच्या वर्षी कैदेत असतानाच 'सर' ही पदवी मिळाली. वेढा चालू असताना त्यांनी वायरलेसवरून स्वतःच्या बढतीची मागणी केली होती, ती मात्र मिळाली नाही. त्यांच्या 'स्पॉट' नावाच्या कुत्र्याला तुर्कांनी सोडून दिलं आणि ते सुखरूप बसऱ्याला पोचलं. अतिशय आजारी अशा हजारावर शिपायांना अदलाबदलीत सोडलं. बाकीचे चालायला लागले.

पहिले एक-दोन दिवस शुमरानला खायला दिली ती तुर्की बिस्किटं. दगडासारखी, कोंड्याची. पाच महिने रिकाम्या पोटांनी ती नदीच्या पाण्यात भिजवून खाल्ली आणि त्यानेच कित्येक जण गेले. मग बगदादपर्यंत पायी. पुढे समारापर्यंत रेल्वे, पुढे पुन्हा पायी, मोसुल, निसिबिन, रास-अल-ऐन. उन्हाळा सुरू झालेला, बूट विकून भाकरी घेतलेल्या, मागे पडेल त्याला मागेच सोडायचं. इंग्रज सोल्जरांपैकी निम्म्याहून बरेच जास्त कैदेत मेले. हिंदी शिपाई आणि फॉलोअर्स मिळून अडीच-तीन हजार परत आले नाहीत. जे रास-अल-ऐनला पोचले त्यांना बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. जेवढे दिवस वेढ्यात काढले त्याच्या कितीतरी पट दिवस या कैदेत काढले, 1918 संपेपर्यंत. या दिवसांचं वर्णन हिंदी माणसाने लिहिलेलं जवळजवळ नाहीच. बंगाल अँब्युलन्स कोअरमधले शिशिरप्रसाद सर्वाधिकारी हे एक अपवाद. ते कूटमध्ये पकडले गेले, रास-अल-ऐनच्या हॉस्पिटलात राबले, आणि पुढे त्यांनी बंगालीत 'अभि ले बगदाद' हे पुस्तक लिहिलं. ते शिकलेले होते. आपल्या पलटणींतल्या बहुतेकांना सहीसुद्धा येत नव्हती. त्यांचे पाच महिने आणि त्यानंतरची अडीच वर्षं त्यांच्याबरोबरच गेली.

हा सगळा विषय मी हॉस्टेलच्या गॅलरीत काढला तेव्हा एका मित्राने सरळ विचारलं, "पण ते इंग्रजांचे नोकर ना? महिन्याला अकरा रुपयांसाठी गेलेले. त्यांचं कौतुक आपण का करायचं?" प्रश्न चांगला आहे, टाळण्यासारखा नाही. युद्ध इंग्रजांचं होतं हे खरं. तेलही त्यांचं आणि चुकाही त्यांच्या. 1917 मध्ये त्यांच्याच मेसोपोटेमिया कमिशनने कारभाराची इतकी लक्तरं काढली की हिंदुस्थान खात्याचे मंत्री चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. पण अकरा रुपयांसाठी गेले म्हणजे काय? वाटण्या होऊन उरलेल्या कोरडवाहू तुकड्यावर घर चालत नव्हतं म्हणून गेले. आपल्यातले अर्धे जण उद्या परदेशी कंपन्यांत जाणार, त्यांना आपण 'प्लेसमेंट झाली' म्हणून पेढे वाटतो. आणि त्या काळात टिळकांपासून गांधीजींपर्यंत मोठमोठ्या पुढाऱ्यांनीही सैन्यभरतीला पाठिंबा दिलाच होता. माझं म्हणणं एवढंच की युद्ध कुणाचं, हा प्रश्न ज्यांनी युद्ध काढलं त्यांना विचारा. खंदकातल्या शिपायाला तो विचारून त्याची किंमत कमी करू नका. आपण मात्र नेमकं उलटं करतो. जिंकलेलं युद्ध असलं तर शिपाई वीर, हरलेलं असलं की विसरला, आणि दुसऱ्याचं असलं की नोकर! तो बिचारा तिन्ही वेळेला तेच चार औंस पीठ खात असतो.

इंग्रजांनी तरी आठवण ठेवली का? ठेवली, त्यांच्या पद्धतीने. 117 नंबरच्या पलटणीला मेसोपोटेमियातल्या कामगिरीबद्दल 'रॉयल' हा किताब मिळाला. बसऱ्याला एक मोठं स्मारक उभारलं. चाळीस हजारांच्या वर माणसांचं ते स्मारक आहे, ज्यांची कबर कुठे ते ठाऊक नाही अशांचं. त्यावर इंग्रज सोल्जरांची नावं आहेत, हिंदी ऑफिसरांचीही आहेत. हिंदी शिपायांची मात्र नावं कोरलेली नाहीत, नुसते आकडे आहेत. अमक्या पलटणीचे इतके. ज्या राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाकडे ही स्मारकं आहेत त्यांच्या 2021 च्या अहवालात हा भेदभाव त्यांनी स्वतःच कबूल केला. म्हणजे जो शिपाई गावात नाव राहावं म्हणून उपाशी राहिला, त्याच्या वाट्याला दगडावर नावसुद्धा आलं नाही.

पण थोड्या खुणा आपल्याकडेच आहेत, फार लांब जायला नको. साताऱ्याजवळ अपशिंगे हे गाव आहे, 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण कामी आले आणि तिथे त्यांचं स्मारक आहे. इतरही पुष्कळ गावांत, चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत, संगमरवराची एक छोटी पाटी असते: या गावातून 1914-1919 च्या महायुद्धाला इतके गेले, त्यांतले इतके मेले. बहुतेक ठिकाणी तिच्यावर दोन-तीन वेळा चुना फिरलेला असतो आणि आकडे वाचायला नखाने खरवडावं लागतं.

आपल्या हॉस्टेलमध्ये सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गची निदान शंभर मुलं-मुली असतील. 29 एप्रिलला कूटसाठी कुणी कार्यक्रम ठेवणार नाही हे मला माहीत आहे. तेव्हा सबमिशन आणि व्हायवा असतात, आणि हरलेल्या लढाईला स्पॉन्सर मिळत नाही. पण सुट्टीला गावी जाल तेव्हा एवढं करा. चावडीवर अशी पाटी आहे का बघा, असेल तर किती गेले आणि किती मेले ते दोन आकडे उतरवून आणा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना, कुणाच्या घरातला कोण 'बसऱ्याला' गेला होता, ते विचारा. सांगणारे आता फार थोडे उरले असतील, तेही ऐकीव सांगतील, पण एखादं नाव निघेल. ते नाव, गाव आणि पलटण मॅगझिनच्या बॉक्समध्ये चिठ्ठीवर लिहून टाका. पुढच्या अंकात दोन पानं मी संपादकांकडून मागून घेतली आहेत, नुसत्या नावांसाठी.